दुअंमली मुलखातील विश्वास

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास फार तर दीडशे वर्षांचा, म्हणजे धर्माच्या इतिहासाच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. परंतु एवढ्या अल्प काळातही एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा विचारला जात आला आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर सैतानाचा पाडाव केला, मरणाची सत्ता मोडली आणि अंधाराचे राज्य निकालात काढले, हे जर खरे असेल, आणि उपासनेत उभे राहून आपण ते मोठ्या आवाजात कबूल करीत असू, तर मग तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या ख्रिस्ती आईच्या मनात शेजारणीने सुचवलेल्या अंगाऱ्याचा विचार का यावा? ज्या दारूचा, ज्या वैराचा, ज्या उच्चनीचतेच्या अभिमानाचा बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीदारांदेखत त्याग केला, त्यांनी चार महिन्यांत पुन्हा दार का ठोठवावे? हा प्रश्न विचारणारी माणसे कच्च्या श्रद्धेची असतात, असा समज काही उपदेशकांनी करून दिलेला आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. ज्यांनी श्रद्धेसाठी गाव, गोत आणि घरचा देव्हारा सोडला, त्यांनाच हा प्रश्न पडतो. ज्याने काही सोडलेच नाही त्याला तो पडण्याचे कारण नाही.

पाश्चात्त्य धर्मपंडितांनी विसाव्या शतकात या प्रश्नाचा मोठ्या गांभीर्याने विचार केला. स्वीडनचे गुस्ताफ आउलेन यांनी १९३० साली दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की ख्रिस्ताचे मरण हे केवळ पापाच्या दंडाची फेड नसून दुष्ट सत्तांवर मिळवलेला जय आहे, आणि प्राचीन मंडळीची मूळ श्रद्धा हीच होती. पुढे १९४६ साली ऑस्कर कुलमान यांनी, दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले असताना, त्या जयाचे कालगणित मांडले. ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि युद्धाचा निकाल लागल्यासारखा झाला. तरी प्रत्यक्ष शरणागती ८ मे १९४५ला आली, आणि त्या अकरा महिन्यांत माणसे मरतच राहिली. निर्णायक लढाई आणि विजयदिन यांच्या मधल्या काळात ख्रिस्ती मनुष्य जगतो, असे कुलमान यांचे म्हणणे होते. ते यथार्थ आहे. परंतु वऱ्हाडच्या माणसाला हे समजून घेण्यासाठी नॉर्मंडीपर्यंत जाण्याचे कारण नाही. त्याच्या स्वतःच्या मुलखाच्या दफ्तरात याहून जवळचा दाखला पडून आहे.

१७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मोगल सुभेदाराचा पराभव केला आणि वऱ्हाडचा सुभा त्याच्या हाती गेला. मात्र नागपूरकर भोसल्यांचा चौथाईचा आणि सरदेशमुखीचा दावा त्याच मुलखावर होता, आणि तो कागदावर पडून राहणारा दावा नव्हता. त्यामुळे अठराव्या शतकातील बराच काळ वऱ्हाडात दुअंमली चालली. एकाच परगण्यात निजामाचा अमलदार आणि भोसल्यांचा कमाविसदार, एकाच कापसाच्या आणि जोंधळ्याच्या रासेवर दोघांची नजर, आणि त्या दोघांच्या मध्ये पाटील-देशमुखांसह सारी रयत, अशी ती व्यवस्था होती. सार्वभौम कोण हे कुणब्याला ठाऊक असे. पण दारात शिपाई उभा राहिला म्हणजे त्या ज्ञानाचा उपयोग थोडाच होई. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेस अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. कागदोपत्री दुअंमली संपली.

संपली, तरी रयतेला तिचा शेवट त्या महिन्यात दिसला नाही. तहातच अशी तजवीज होती, की गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा काही मुलूख भोसल्यांकडेच राहावा. तो सुटला १८२२ साली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे अकोट-अंजनगावच्या पट्ट्यातला शेतकरी मान वर करून पाही, तेव्हा मैदानात हरलेल्या सत्तेचे निशाण सातपुड्याच्या कड्यावर त्याला दिसत असे. खाली मैदानात पेंढाऱ्यांच्या टोळ्या आणि बंडखोर नाईकांची पथके फिरत होती, आणि गावोगावच्या मातीच्या गढ्यांचे दरवाजे दिवेलागणीला बंद होत होते. यांतील कोणत्याही राजाला ख्रिस्ताच्या जागी बसवण्याचा माझा हेतू नाही. त्या राजवटींपैकी एकीनेही रयतेसाठी प्राण दिला नव्हता. मला यातून एवढेच घ्यावयाचे आहे, की हक्काचा निकाल लागणे आणि ताबा सुटणे या दोन भिन्न घटना आहेत, त्यांच्यामध्ये वर्षे जातात, आणि त्या वर्षांत जी माणसे जगतात त्यांच्यावर वसुलीसाठी येणारा मनुष्य बेकायदा असला तरी खरा असतो.

ख्रिस्ती उपदेश या मुलखात आला तो १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाल्यानंतर, आणि त्यातही मुख्यत्वे लोहमार्ग झाल्यावर. १८७०च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी एलिचपुराकडे, म्हणजे आजच्या अचलपुराकडे, कोरकूंमध्ये काम करू लागले. पुढल्या दशकात मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर अकोल्यात स्थिरावले, आणि त्यांचे काम ए. बी. सिम्प्सन यांनी स्थापन केलेल्या अलायन्स मिशनशी जोडले गेले. मेळघाटात कोरकू मिशन उभे राहिले. त्यातील जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, चिखलदऱ्याजवळच्या मरियमपुरात आणि इतरत्र कॅथलिक धर्मगुरू, असा पसारा वाढत गेला. १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, १९५३ साली यवतमाळात सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी तीस वर्षांनी पुण्यास गेले. संस्थांचा हा इतिहास इतरत्र मिळेल. मला त्या संस्थांच्या दारात आलेल्या माणसांविषयी अधिक बोलावयाचे आहे.

ही माणसे रिकाम्या मनाने आली नव्हती. मैदानातल्या गावात पटकी आली की मरीमायचे नाव निघे, घुमणाऱ्याच्या अंगात वारे येई, देवऋषी लिंबू आणि उतारा सांगे. डोंगरात कोरकूंचा भुमका गावाच्या वतीने देवांना शांत ठेवी आणि पडियार दुखण्याचे कारण शोधून देई. या साऱ्याला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणारे मिशनरी पुष्कळ होते, आणि येथे त्यांचे चुकले असे मला वाटते. कारण ही भयाची असली तरी पुरी व्यवस्था होती. प्रत्येक दुखण्याला कर्ता होता, प्रत्येक कर्त्याची मागणी ठरलेली होती, आणि मागणी पुरी केली की निदान काही दिवस स्वस्थता मिळे. बाप्तिस्म्यापूर्वी लेकराच्या गळ्यातला काळा दोरा कापला जाई. दंडाचा ताईत सोडून मेजावर ठेवला जाई. तो सोडताना दोऱ्याखाली वर्षानुवर्षे घासून पडलेला कातडीचा पांढुरका वळ उघडा पडे, आणि ताईत गेला तरी तो वळ कित्येक दिवस तसाच राही. घरी गेल्यावर आजी तो वळ पाही आणि काही न बोलता आत जाई. त्या घरात यापुढे ताप येणार नव्हता असे नव्हे. ताप आला म्हणजे काय करावयाचे, याचा ठरलेला मार्ग मात्र आता बंद झाला होता.

अशा अवस्थेत छप्पनचा दुष्काळ आला. १८९९-१९००च्या त्या अवर्षणाने वऱ्हाडची दैना केली. दुष्काळी कामांवर माणसांचे थवे लोटले, त्यांच्यामागे पटकी आली, आणि अनाथ मुलांना मिशनच्या आवारांत आसरा मिळाला. अकोल्याच्या आणि खामगावच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांची मुळे त्या अनाथालयांपर्यंत जातात. या मुलांना जी शिकवण मिळाली ती सिम्प्सन यांच्या संप्रदायाची होती: ख्रिस्त तारणारा, ख्रिस्त पवित्र करणारा, ख्रिस्त बरे करणारा आणि ख्रिस्त पुन्हा येणारा राजा. ही शिकवण तेजस्वी होती, आणि ज्यांचे आईबाप वाटेवर मेले होते त्या मुलांना उभे राहण्यास तिने बळ दिले, हे कृतज्ञतेने लिहिले पाहिजे. तथापि तिच्यातील तिसरे कलम त्याच वर्षांत कठोर कसोटीस लागले, कारण बरे करणाऱ्याचे नाव घेत असतानाच मुले मरत होती. शिकवणारेही मरत होते. भारतीय स्त्रीवरील अन्यायांविषयीचे जेनी फुलर यांचे पुस्तक, ज्याला पंडिता रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली, ते १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जेनीबाईही निवर्तल्या. चौथ्या कलमाचे, म्हणजे राजा अजून यावयाचा आहे या वचनाचे, महत्त्व त्या मंडळ्यांना पुस्तकाने नव्हे, तर दफनभूमीने शिकवले असले पाहिजे.

श्रद्धेनंतरचा संघर्ष हा अशिक्षितांचाच वाटा असतो, अशी समजूत असल्यास महाराष्ट्रीय ख्रिस्ती पूर्वजांची चरित्रे ती दूर करतील. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली जौनपुरात बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा प्रकांड विद्वान १८९५ साली मृत्यू येईपर्यंत संशयांच्या लाटांशी झुंजत राहिला. एक शंका निरसली की दुसरी उभी राही. बुद्धीने मान्य केलेले हृदय नाकारी, आणि हृदयाने धरलेले बुद्धी सोडवून घेई. असे असूनही पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला वळण देणाऱ्यांत गोरेशास्त्र्यांचे स्थान मोठे आहे. जो स्वतः झुंजत होता त्याच्याच बोटाला धरून दुसरे कोणी उभे राहिले, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगितली जावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे ताटातुटीची, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळ्याओवळ्याच्या ओढाताणीची. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंगतीस बसावे, हे त्यांच्या अंगात इतके मुरलेले होते, की ते एका दिवसात निघाले नाही. विचाराने आणि अनुभवाने, थराथराने निघाले. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो प्रवास हसत हसत वाचला जातो, पण त्याच्या तळाशी किती वेदना होती हे विसरू नये. आणि केडगावच्या मुक्तिसदनात १९०५च्या जूनमध्ये जे जागरण झाले, त्यात रडून आपली पापे सांगणाऱ्या मुली नव्याने आलेल्या नव्हत्या. त्यांतील कित्येकींचा बाप्तिस्मा पूर्वीच होऊन गेला होता. त्यांना आपल्या अंतरातील वैर आणि असत्य दिसू लागले ते प्रकाश आत आल्यानंतर.

वऱ्हाडच्या मंडळ्यांतही खरा झगडा भुताखेतांशी जितका झाला, त्याहून अधिक तो माणसामाणसांत झाला, असे मला वाटते. ख्रिस्ताच्या एकाच मेजावर बसणारी कुटुंबे सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारू लागली. मिशनची घरे, मिशनच्या नोकऱ्या आणि पुढे मिशनच्या जमिनी यांवरून भाऊबंदकी माजली आणि फिर्यादी सरकारी कचेऱ्यांत गेल्या. यात राज्यव्यवस्थेनेही एक गाठ मारून ठेवली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या; पुढे त्यांत शीख आणि बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत; कोरकूंची अनुसूचित जमात ही ओळख मात्र धर्माने बदलत नाही. परिणामी मैदानातल्या कित्येक घरांत उपासनेच्या यादीत एक नाव आणि दाखल्यावर दुसरी ओळख अशी स्थिती निर्माण झाली. बापाने जे उघडपणे कबूल केले ते मुलाने शाळेच्या रजिस्टरात लपवावे, ही यातना ज्यांनी भोगली त्यांना दुष्टाशी झगडणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जातीचे बळ मोडले आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी तिची वसुली अजून कोण करीत आहे तेही पाहावे.

हा अनुभव ख्रिस्ती मंडळींचाच आहे असे नाही, आणि म्हणूनच तो अधिक विश्वसनीय वाटतो. रिद्धपूर हे महानुभावांचे पवित्र स्थान अमरावती जिल्ह्यातच आहे. एका परमेश्वरावाचून अन्य देवतांची उपासना नाही असा त्यांचा कडकडीत दंडक, आणि तो पाळताना घरच्या कुळाचारांशी होणारा झगडा त्यांनाही चुकला नसणार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवांचा स्पष्ट त्याग होता. तरी त्या दीक्षेनंतर वऱ्हाडातील बौद्ध वस्त्यांत देवऋष्याची वाट पुरती मोडण्यास काही काळ जावा लागला. शेणगावचे गाडगेबाबा हयातभर कीर्तनांतून नवसाचे बकरे आणि अंगात येणारे देव यांच्यावर तुटून पडले. एकदा ऐकून लोक कायमचे बदलत असते, तर त्यांना गावोगाव तेच कीर्तन पुन्हा पुन्हा करण्याची गरज पडली नसती.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्या पुष्कळ उपदेशकांपेक्षा अधिक प्रांजळ आहे. येशूचा बाप्तिस्मा झाला, आकाशवाणी झाली, आणि त्यानंतर लगेच तो अरण्यात सैतानाच्या परीक्षेस गेला. आधी परीक्षा आणि मग पुत्रत्वाची ग्वाही, असा क्रम शुभवर्तमानात नाही. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभी ख्रिस्त सर्व सत्तांच्या वर बसला आहे असे सांगितले आहे, आणि त्याच पत्राच्या शेवटी त्याच वाचकांना शस्त्रसामग्री धारण करण्यास सांगितले आहे. पत्र लिहिणारा स्वतः बेड्यांत होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता तर उघडच म्हणतो, की सर्व काही त्याच्या पायांखाली ठेवले गेले असले, तरी ते तसे झालेले आम्हांला अद्याप दिसत नाही. ज्या ग्रंथात एवढा स्पष्ट जबाब नोंदलेला आहे, त्या ग्रंथाच्या नावाने कोणी झगडाविरहित जीवनाचे वचन देऊ लागला, तर त्याला ते वचन कोणत्या पानावर आहे असे विचारण्याचा अधिकार साध्यात साध्या विश्वासणाऱ्याला आहे.

अलीकडे चंगाई सभांचे पेव फुटले आहे, म्हणून हे लिहावे लागते. देव बरे करतो यावर माझा विश्वास आहे. परंतु बरे न झालेल्या माणसाला तुझी श्रद्धा कमी पडली असे सांगून घरी पाठवणे हे क्रौर्य आहे, आणि त्याची रीत देवऋष्याच्या रीतीपेक्षा फारशी वेगळी नाही. तोही उतारा लागू पडला नाही की रोग्याच्याच हातून काही चुकले असे सांगतो. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा काही धार्मिक मंडळींना भय वाटले. मला मात्र त्याने श्रद्धेचे काही बिघडले असे वाटत नाही.

बरे होणे आणि झगडा संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा दाखला याच मुलखात आहे. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. १९४०च्या दशकानंतर डॅप्सोनसारखी औषधे आली, १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि ज्या रोगाला माणसे दैवी शाप समजत त्याचे जंतू शरीरातून नाहीसे करता येऊ लागले. परंतु मेलेल्या मज्जातंतूंची संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही रोज संध्याकाळी पाय धुऊन, तळवा उजेडात धरून, बोटांच्या बेचक्यांत काटा रुतला आहे काय, टाचेला भेग पडली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे लागते. दुखत नाही म्हणून जखम नाही असे त्याला गृहीत धरता येत नाही. अशा माणसांना गावाने परत घेण्यास जो विलंब लावला, तो जंतूंमुळे खचित नव्हता.

बाप्तिस्म्यापूर्वीच्या शिकवणीत आमचे पाळक दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार हे तिन्ही पाठ करून घेतात. त्यांच्या जोडीला एक सांगणे अवश्य असावे: ताईत सोडल्यावर पहिल्यांदा घरात ताप येईल त्या रात्री काय होईल, सासू काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, तुझे स्वतःचे मन काय म्हणेल, आणि तसे झाले म्हणजे तुझा विश्वास खोटा ठरला असे मुळीच समजू नये. ज्या मनावर पूर्वी एकाच सत्तेचा बिनतक्रार अंमल होता तेथे तंटाच नव्हता. तंटा उभा राहिला तो दुसऱ्याचा हक्क शाबीत झाल्यामुळे. आणि एवढे सांगून पाळकाने थांबू नये. त्या रात्री मंडळीतील दोन माणसांनी त्या घरी जावे, लेकराला आधी दवाखान्यात न्यावे, औषधाचे पैसे कमी पडल्यास द्यावेत, आणि उजाडेपर्यंत आईसोबत बसून प्रार्थना करावी.